बसायला जागा

या शहरात सगळं उभ्यानं खातात.
सकाळचे पोहे स्कूटरच्या सीटवर प्लेट ठेवून,
रात्री साडेअकराला सराफ्यात
बंद पेढ्यांच्या पायऱ्यांपाशी, कोपरं सांभाळत,
भुट्ट्याचा कीस फुंकर मारत मारत.
मीही खाल्लं, साठ वर्षं, तक्रार नाही.
पण बँकेतून निवृत्त झाले त्या आठवड्यात
गुडघे म्हणाले, बाई, आता बसू या.

बसू या.
हा शब्द आमच्याकडे पुरुषांचा.
बाबा आणि त्यांचे मित्र महिन्यातून एकदा 'बसायचे',
रामबागेतल्या मागच्या खोलीत, दार ओढून.
आई खारे दाणे फटीतून आत सरकवायची
आणि हात असा काढून घ्यायची
जसा पिंजऱ्यातून काढतात.

बायकाही बसायच्या तशा.
पूजेला. शेवटच्या पंगतीला.
महिन्याचे चार दिवस बाहेर.
कुणी नोकरी सोडली तर म्हणायचे, घरी बसली.
मला यातलं कुठलंच बसायचं नव्हतं.
मला खिडकीशी एक खुर्ची हवी होती,
नाशिकची लाल वाईन, एक ग्लास,
आणि 'अजून कोण येणार आहे?'
असं न विचारणारा माणूस.

पलासियाला सातव्या मजल्यावर गेले.
संगीत एवढं, की ग्लासातली वाईन थरथरत होती.
मेन्यू फोनमध्ये, फोनची बॅटरी सहा टक्के.
दुसरीकडे फॅमिली सेक्शन, भोवती पडदा ओढून दिला,
जशी काही मी साडीला मॅचिंग ब्लाऊज घालून बघणार होते.
तिसरीकडचा मॅनेजर आमच्या शाखेचा जुना कर्जदार निघाला.
आत गेला तो परत आलाच नाही.
छप्पनपाशी एका पोराला विचारलं तर म्हणाला,
"अरे आंटी, वाईन? शिकंजी पियो ना, मस्त ठंडी है."
प्यायले. मस्त थंड होती. उभ्यानंच.

मग एका गुरुवारी, वीजबिल भरून परतताना,
स्नेहलतागंजात, शिंप्याच्या दुकानावर
पाटी दिसली: बिस्त्रो.
खाली कुणीतरी खडूनं लिहिलेलं,
बिस्तर नहीं मिलेगा.
हसू आलं म्हणून जिना चढले.

पाच टेबलं. खालून शिलाई मशीनची घरघर.
मालक महूचा डेन्झिल, गल्ल्यावर शब्दकोडं सोडवत बसलेला.
वाढायला चैनसिंग, वय असेल बावीस.
त्यानं वाईन आणली, तीत बर्फाचे तीन खडे.
मी काही बोलले नाही.
चमच्यानं एकेक काढून खिडकीतल्या तुळशीत टाकला.
तो लांबून बघत होता.
टेबल हलत होतं.
वीजबिलाच्या पावतीच्या चार घड्या केल्या
आणि पायाखाली सरकवली.

पुढच्या गुरुवारी बर्फ नव्हता.
त्यानंतरच्या गुरुवारी गराडू आले,
तळून, वर मसाला, लिंबू पिळलेलं,
सोबत काटा. मी काटा बाजूला ठेवला.
खालच्या शिंप्याचं नि गिऱ्हाइकाचं भांडण ऐकू येत होतं,
बाही आखूड झाली म्हणून.
माझ्या मते चूक गिऱ्हाइकाची होती.

कुणाला सांगितलं नाही अजून.
वहिनीला वाटतं, गुरुवारी मी दत्ताच्या देवळात जाते.
मीही 'प्रसाद घेतला' म्हणते. खोटं कसं म्हणू?

काल थोडा उशीर झाला.
जिन्यातच होते, तर वर कुणी जोडपं
खिडकीशी बसू का विचारत होतं,
आणि चैनसिंग अगदी गंभीर आवाजात सांगत होता,
"वहाँ नहीं साहब. वो टेबल हिलता है."

मी वर गेले. बसले.
दोन्ही कोपरं टेबलावर टेकून, सगळा भार देऊन.