सर्वांत पुढचं पान

ऋजुताने एकाहत्तराव्या वाढदिवसाला दिलं.
पाटीएवढं, पाटीसारखंच करडं.
"बाबा, यात तीन हजार पुस्तकं मावतात."
म्हटलं, माझ्या चष्म्याच्या घरात
चष्मासुद्धा धड मावत नाही.

एकतीस वर्षं वागळे इस्टेटच्या छापखान्यात
मी मुद्रितं तपासली.
पहिल्या-दुसऱ्या वेलांटीवर आमची चूल पेटायची.
त्यामुळे पहिल्याच पानावर
क आणि ष जेव्हा वेगळे उभे दिसले,
कचा पाय मोडलेला, दोघांत हातभर अंतर,
वाटणीनंतरच्या भावांसारखे,
तेव्हा हात आपोआप कानामागे गेला
पेन्सिल शोधत.

काचेवर कसली खूण करणार?
बोट टेकवलं तर शब्दाचा अर्थ उघडला,
जो मला ठाऊक होता.
जरा सरकलं तर थेट प्रकरण सात.
मधे कुणी मेलं असेल, कुणाचं लग्न झालं असेल,
मला कळवलं नाही.

अंगठा जिभेला लावून पान उलटायची सवय.
"अहो बाबा, चाटू नका त्याला!"
आणि पान म्हणायचं नाही, टक्के म्हणायचं.
मी अठ्ठावीस टक्के वाचलंय.
मॅट्रिकला गणितात पहिल्या खेपेला एवढेच होते.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून
अक्षर वाढवून घेतो.
फार वाढवलं की ओळीत तीनच शब्द,
वाक्याचा जिना होतो.
मी कठडा धरून उतरतो,
क्रियापदापाशी पोचेपर्यंत दम लागतो.

खोटं कशाला बोलू,
कचराळीच्या बाकावर भर उन्हात उघडलं
तर चकाकलं नाही. कागदासारखं गप्प राहिलं.
फेऱ्या मारणारा एक मुलगा थांबून म्हणाला,
"काका, हँग झालंय का?"
म्हटलं, ते चालू आहे. मीच थांबलोय.

दुसऱ्या मजल्यावर कुमुदिनी तांडेल राहतात.
माहेर चेंदणी कोळीवाडा, नोकरी टेलिफोन एक्स्चेंजात,
आवाज अजून तसाच, नंबर विचारल्यासारखा.
दर शनिवारी पुस्तक नेतात,
परत आणतात ते वर्तमानपत्राचं कव्हर घालून.
समासात माझ्या पेन्सिलीच्या दुरुस्त्या असतात.
त्याबद्दल कधी काही बोलल्या नाहीत.
मीही विचारलं नाही.

या शनिवारी काय देणार?
यातून एक पुस्तक काढून हातात देता येत नाही.
अख्खं यंत्रच दिलं, चार्जरसकट.
त्यांनी पदराला हात पुसले, मग घेतलं.

नऊ दिवस घरात वाचायला काही नव्हतं.
कपाटात चारशे आहेत, ते वेगळं.
अर्धं राहिलेलं एकच होतं.

परत आलं तर त्याला कव्हर!
जुन्या रविवार पुरवणीचं,
कोपरे दुमडलेले, डिंकाचा थेंब नाही,
चार्जिंगच्या भोकापाशी
कात्रीने कापलेली इवलीशी खिडकी.

उघडलं. यंत्राने विचारलं,
सर्वांत पुढचं वाचलेलं स्थान चौऱ्याहत्तर टक्के,
तिथे जायचं?

म्हणजे बाई तिथवर जाऊन आल्या होत्या.
मी 'हो' दाबलं, फक्त बघायला.
पान स्वच्छ. मधोमध एकच शब्द करडा केलेला,
मला वाटलं बोट चुकून राहिलं.
चष्मा पुसून पाहिलं.
'माहित.'
पहिल्या वेलांटीचं माहित.

एवढं मोठं पान, त्यात तेवढाच.

हे असं करडं कसं करतात
मला अजून जमलेलं नाही.
त्यांना विचारावं लागेल.

पुस्तक मागे नेलं, अठ्ठावीसवर.
मधलं सगळं वाचायचंय अजून,
आणि शनिवार परवा आहे.