शाईची जाडी

देशाचं माजघर कुठून कुठपर्यंत,
हे ठरवायला अंकारात सात जण बसले होते.
शेगडी धुरकट, चहा तिसऱ्यांदा आलेला,
आणि टेबलावर पसरलेला तुर्कस्तान
चहाच्याच पेल्यांनी चारी कोपऱ्यांना दाबून धरलेला.
मी मुफीदे. माझं काम रेघ ओढायचं.
ती कुठून जाणार, ते मला कोणी विचारत नव्हतं.

साफ्फेत बे म्हणाले, चारशे मिलिमीटरच्या आत पाऊस
तो मध्य. विषय संपला.
रागिप बे म्हणाले, पाऊस काय, दरसाल शब्द फिरवतो,
नद्या बघा. ज्यांना समुद्र सापडत नाही,
मिठाच्या तळ्यात जाऊन ज्या वाळतात, त्या आपल्या.
"आणि किझिलइर्माक?" कोपऱ्यातून कोणीतरी.
"ती तर मध्यातून एवढा वळसा घालते
आणि जाते समुद्रालाच."
शांतता.
पुन्हा चहा.

समुद्रकाठच्यांचं बरं असतं,
पाय भिजले की हद्द कळते.
मध्याला स्वतःची कडच नसते.
बाकीचे आपापलं उचलून निघाले
की मागे जे उरतं, त्याचं ते नाव.

उत्तरेच्या एका तुकड्यावर काही केल्या एकमत होईना,
म्हणून मार्चात मला आणि नेजातीला धाडलं,
बघून या म्हणाले, छपरं कशी आहेत ते.
सपाट, मातीची असतील तर मध्य.
उतरती, लाकडी फळ्यांची असतील तर काळ्या समुद्राची.

वाटेत दुर्सून भेटला, दीडशे मेंढ्या घेऊन.
दुर्सून म्हणजे 'राहो'.
आधीची तीन भावंडं राहिली नाहीत म्हणून ठेवलेलं नाव,
आणि हा माणूस वर्षातून दोनदा डोंगर ओलांडणारा.
नेजातीने विचारलं, मधला प्रदेश कुठे संपतो?
त्याने मेंढ्यांकडे पाहिलं.
"गवत ओलं लागलं की त्या खोकतात.
यंदा त्या उंबराठ्याशी खोकल्या.
गेल्या साली अलीकडेच."
नेजातीने वही उघडली, मिटली.

काराचाल्तीत एल्मासचं घर शेवटचं.
घर सपाट, वर मातीचा थर,
पाऊस पडून गेला की ती दगडी रूळ फिरवते त्यावर,
पाण्याने वाट काढू नये म्हणून.
आणि गोठा उतरत्या छपराचा, फळ्या मारलेला.
नवरा पलीकडचा होता, सांगितलं तिने,
गोठा त्याने बांधला, घर माझ्या बापाने.
"मग तुम्ही कुठल्या?" नेजाती.
"सकाळी गोठ्यातली," ती म्हणाली, "रात्री घरातली."
मग ताकाची भांडी पुढे सरकवत,
"हे ठरलं की कर कमी होतो का?"
नाही, म्हणालो आम्ही.
"वाढतो?"
नाही.
"मग प्या."

नेजातीने लिहिलं: संदिग्ध.
अक्षर सुरेख होतं त्याचं.

अंकारात परतले तोवर ठरून गेलं होतं.
तारीख जवळ आली होती, छापखाना थांबायचा नव्हता.
साफ्फेत बेंनी पेन्सिलीने एक वळण दाखवलं, इथून.
मी शाई भरली, श्वास धरला,
रूळपेनाचा स्क्रू अर्ध्या मिलिमीटरवर.

नकाशा एकास आठ लाखांचा.
हिशेब मी नंतर केला, घरी, झोप येईना तेव्हा:
अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर चारशे मीटर.
काराचाल्ती या टोकापासून त्या टोकापर्यंत
तीनशेही नाही.
अख्खं गाव, गोठ्यासकट, विहिरीसकट,
माझ्या शाईखाली.
ना आत, ना बाहेर.
टोक बारीक करता आलं असतं.
पण मग कुठल्या तरी एका बाजूला
मला ते ढकलावं लागलं असतं.

आता पोरं शाळेत प्रदेश घोकतात.
रेडिओ सांगतो, मध्य भागात कडाका,
काळ्या समुद्रावर पाऊस.
काराचाल्तीत रेडिओ पोचला, असं दुर्सूनच्या लेकाने कळवलंय.
एल्मास दोन्ही ऐकून घेते म्हणे,
मग दार किलकिलं करून
हात बाहेर काढते,
आणि बराच वेळ तसाच ठेवते.