सव्वीस फरश्या

नोव्हेंबरात कूलर झाकला,
जुन्या हिरव्या लुगड्यात, सुतळीनं करकचून,
दरवर्षी झाकते तसाच.
दुसऱ्या दिवशी सकाळी
भुरी अंगणाच्या दारात थिजली.

मे महिन्यात नवी नवी आली
तेव्हा याच कूलरच्या ठिबकत्या पाण्यात
पोट टेकून झोपायची.
आता त्याला हिरवे खांदे फुटले होते.

कागदावर तिचं नाव लांबलचक आहे,
बापाचं, पणज्याचं, कुठल्याशा किताबाचं.
त्या नावाला भीती चालत नाही.
त्या नावानं रिंगणात मान ताठ ठेवायची,
चारही पाय जागच्या जागी,
आणि परक्या माणसानं ओठ उचलून दात मोजले
तरी शेपूट पोटाखाली घ्यायची नाही.

पण नऊ महिन्यांच्या अंगात काय शिरतं कोण जाणे.
आधी कूलर. मग छत्री.
मग सिलिंडरवाल्याची सायकल, उभी असली तरी.
मग टोपी,
कुणाचीही.

भाऊजी म्हणाले,
"काहून लाडावून राहिली तू तिले?
पट्टा धर अन् ओढत ने.
एक डाव गेली का सुटते भीती."
मी चहा गाळत राहिले.
बाबांनी अशीच एक डाव
अंबाझरीच्या पाण्यात सोडवली होती माझी.
पन्नाशी उलटली,
अजून डोक्यावरून तांब्या घेताना
मी डोळे उघडे ठेवते.

मग फरश्या मोजल्या.
दारापासून कूलरपर्यंत सव्वीस.
दारातच मांडी घातली,
वाटीत उकडलेली कलेजी, बारीक तुकडे,
नखांना दिवसभर वास.
'घाबरू नको' म्हणाले नाही.
ते वाक्य माणसं स्वतःसाठीच म्हणतात.

तिनं तुकडा घेतला, तर आम्ही बरोबर जागी.
तिनं तोंड फिरवलं
तर मी चुकले, एक फरशी मागे.
आठवड्याला तीन सरकलो, कधी पाच.
एकदा शेजारच्या कुकरची शिट्टी झाली
आणि एका क्षणात अकरा गेल्या.
त्या रात्री मी रडले, हे भुरीला माहीत आहे,
भाऊजींना नाही.

टोप्यांसाठी बिसेन मामा आले,
रिटायर पोस्टमन, गिट्टीखदानचे.
खाकी टोपी घालून
फाटकाशी पाठमोरे उभे राहत,
मागे बांधलेल्या हातांत एक तुकडा.
"बत्तीस वर्षं कुत्रे माह्या मागं लागले,
आता म्या एका कुत्रीच्या मागं,
थेही उलटा उभा राहून."
सहाव्या संध्याकाळी
तिनं मान लांब, लांब, आणखी लांब करून
तो तुकडा उचलला.
मामांनी वळून पाहिलं नाही.
त्यांचे खांदे मात्र हसत होते.

डिसेंबरात मानकापूरच्या मैदानावर शो होता.
फी भरलेली, नंबर पर्समध्ये.
आम्ही आत गेलोच नाही.
पार्किंगच्या कडेला, संत्र्याच्या गाडीमागे
लाऊडस्पीकर सोसेल इतक्या अंतरावर उभ्या राहिलो.
एकशे चौदा, पुकारलं.
एकशे चौदा, पुन्हा.
मी हात वर केला नाही.
ती थरथरली,
जांभई दिली,
अंग झाडलं कानांपासून शेपटीपर्यंत,
आणि गाडीवाल्याच्या छत्रीकडे बघून
माझ्याकडे बघितलं.
तेवढ्यावर घरी आलो.
तीन संत्री घेतली, महाग.

भाऊजींनी विचारलं, काय मिळालं?
सोलून एक फोड दिली त्यांना.

आता चार फरश्या उरल्यात.
वाऱ्यानं लुगड्याचं टोक हललं की
ती अजून माझ्या गुडघ्याला चिकटते,
तिची बरगडी माझ्या पोटरीवर धडधडते
आणि आम्ही थांबतो.

मार्चात कूलर उघडावा लागेल.
ती झोपली की मी रात्री अंगणात जाते
आणि सुतळीची गाठ
रोज थोडी सैल करून ठेवते.