दोन नंबरचा कॉम्प्रेसर

कोप्लीतल्या या लाकडी घरात वरच्या मजल्यावर हेल्दूर राहतो.
तीन आठवडे त्याच्या जमिनीतून, म्हणजे माझ्या छतातून,
एकच सूर पाझरत होता.
सूर तरी कसा म्हणू?
ना चढ, ना उतार, ना कुठे थांबून श्वास.
कपाटातल्या बशा एकमेकींना लागून किणकिणायच्या,
चहावर बारीक वर्तुळं.

चौथ्या सोमवारी वर गेले भांडायला.
दार उघडंच. खोलीभर वायरी,
इस्त्रीच्या टेबलावर जुना सिंथेसायझर
आणि त्याच्या एका पट्टीवर बटाटा,
ती दाबलेली राहावी म्हणून.

म्हणाला, सिनेमाचं काम आहे.
कसला सिनेमा?
बर्फ. बंदरातला बर्फ वितळतो. एक्केचाळीस मिनिटं.
माणसं?
नाहीत. एकदा एक कुत्रा येतो, निघून जातो.
ती पोरगी, लीस्बेत, तिने बजावलंय:
चाल नको. आणि दुःख तर मुळीच नको.
"चाल टाळता येते," हेल्दूर म्हणाला,
"दुसरं कसं टाळू? काहीही हळू केलं
की ते आपोआप दुःखी होतं."
म्हटलं, मग दहानंतर आवाजही जरा हळू करा की.
तो हसला नाही.
खिशातून काढून मला तिकीट दिलं.

जहाजदुरुस्तीची जुनी शेड. घडीच्या खुर्च्या.
आम्ही एकोणीस जण, अंगातले कोट अंगातच.
पडद्यावर करडं, मग जरासं कमी करडं.
मला डुलकी येत होती, खोटं कशाला बोलू.

बाविसाव्या मिनिटाला प्रोजेक्टरचा दिवा गेला.
फट्.
कोणी उठलं नाही. त्यांना वाटलं, हेही त्यातलंच.
लीस्बेत मागे कुठेतरी दातांखाली शिव्या घालत होती,
आणि आवाज चालूच.

डोळ्यांचं काम संपलं तेव्हा कानांना जागा झाली.
तळाशी, त्या सगळ्या धुक्याच्याही खाली,
काहीतरी घरंगळत होतं, अडत होतं,
पुन्हा घरंगळत होतं.
ताणून ताणून लांबवलेलं,
एका ठेचेचे तीन उसासे झालेले,
तरी ठेच ओळखीची.

दोन नंबरचा कॉम्प्रेसर!
मासळीच्या शीतगृहातला.
त्याच्या भिंतीला पाठ लावून बारा वर्षं
मी किलू माशांचे डबे भरले.
बेअरिंग झिजलं होतं त्याचं. फोरमन म्हणायचा, बघू.
आम्ही बायका त्या ठेचेवर हात चालवायचो:
डोकं, शेपूट, डबा.
डोकं, शेपूट, डबा.
एंडलाची बोटं तर झोपेतही हलायची,
तिचा नवरा सांगायचा.
आणि ज्या शुक्रवारी तो कायमचा थांबला
तेव्हा सगळ्यांनी एकदम वर पाहिलं,
कोणीतरी छत काढून नेल्यासारखं.

अंधारात माझी बोटं मांडीवर चालू झाली होती.
शेजारच्या तरुणाला वाटलं असेल,
म्हातारी ताल धरतेय.

दिवा आला. बर्फ होता तिथेच होता.
कुत्रा आला. गेला.

ट्रॅमच्या थांब्यावर हेल्दूरला गाठलं.
कुठून आणलात तो आवाज?
तो टोपी कानांवर ओढत म्हणाला,
"तिथे इलेक्ट्रिशियन होतो मी, रात्रपाळीला.
फोरमनला ऐकवायला टेप केला होता,
बेअरिंग जातंय म्हणून.
त्याने ऐकला नाही."

म्हणजे बारा वर्षं एकाच मशीनला आम्ही दोघं,
मी उजेडात, हा रात्री.
पुढे काय बोलावं सुचेना.
विचारलं, त्या बटाट्याचं काय केलंत?

उकडला, म्हणाला.