जुनी की नवी

दाल बाजारात, जिना चढून, तुरीच्या भुशाच्या वासात
माझं ऑफिस. पाटीवर 'आयकर सल्लागार',
आणि खाली, चुन्यात अर्धं बुडालेलं,
'नाटकासंबंधी सातनंतर भेटावे'.
ते वडिलांनी रंगवून घेतलेलं. पुसायचं राहिलं.

सव्वीस जुलै. कागद उडतात म्हणून पंखा बंद.
फॉर्म सोळाच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून
राजाचा पितळी मुकुट, एक मोती निखळलेला.
येतो तो विचारतो: साहेब, जुनी की नवी?
जुनीत सवलती असतात, मी सांगतो,
घरभाडं, विमा, आईचं औषधपाणी, पोराची फी,
पण प्रत्येकाची पावती लागते.
नवीत फारसं विचारत नाहीत. दर कमी. विषय संपला.
बहुतेक जण नवी घेतात.
मग जिन्यापर्यंत जाऊन कुणीतरी वळतो,
आईचं औषध आता कुठे लिहायचं?
कुठेच नाही.

सातला अर्धं शटर ओढून मंडळाच्या हॉलवर,
तर तिथेही तोच प्रश्न.
नाटक शंभराहून जास्त वर्षांचं, प्रयोग कोजागिरीला.
पाच अंक, साडेपाच तास, त्रेसष्ट पदं.
लष्करमधले लोक एकेकाळी उशा घेऊन यायचे बघायला.
आता दीड तास, त्यातही मध्ये चहा.
म्हणून मी लाल पेन्सिलीनं वजावटी करतो:
विदूषकाचे मोदक, वजा.
ऋषींचा शाप, निम्मा.
चंद्राला उद्देशून तीन पदं, तिन्ही वजा
(इंदापूरकर नाना त्या रात्री जेवले नाहीत म्हणे).
वजावटीला मर्यादा का ठेवतात ते तेव्हा कळलं.
अमुक एका रेषेखाली उतरलं
की नाटक कुणाचं काही देणंच लागत नाही.

अडलो चौथ्या अंकात.
राजा यज्ञासाठी राणीचे दागिने मागतो
आणि राणी हसत देते. सत्तावन्न ओळी हसते.
तेजल फाळके, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला,
म्हणाली, काका, ही हसते का?
मी म्हटलं, त्या काळी...
ती म्हणाली, त्या काळी तरी का?
माझ्याकडे उत्तर होतं, पण ते नानांचं होतं.

दुसऱ्या दिवशी मिथिलेशबाई आल्या, गजकवाल्यांच्या.
नवरा फेब्रुवारीत गेला.
पिशवीत पॅन कार्ड, अजून प्लास्टिकमध्ये.
मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली:
तुमच्या नावे नऊ एफडी, व्याज चार लाख बारा हजार.
"हमारे नाम से?"
आणि वाकून, काचेवर बोट ठेवून,
त्यांनी स्वतःचं नाव वाचलं. दोनदा.
कायद्यात याला नीट उत्तर आहे:
नवऱ्यानं बायकोला नुसत्याच दिलेल्या पैशावरचं व्याज
नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवायचं. तो असेपर्यंत.
कलम चौसष्ट. तीस वर्षं मी ते पाठ म्हणतोय,
ऐकलं त्या दिवशी.
फेब्रुवारीपासून ते तुमचं, मी म्हटलं.
"और उससे पहले?"

संध्याकाळी चौथा अंक ठेवला.
सत्तावन्न ओळी काढल्या,
तेजलला म्हटलं, बोलू नकोस. मोज.
एकेक उतरव, ताटात ठेव, पितळेचा आवाज येऊ दे.
बांगड्या. वाक्या. ठुशी.
बाजूबंद एक. बाजूबंद दोन.
नाना पेटीवर हात ठेवून बसले होते, वाजवेनात.
नथीपाशी ती थांबली.
राजा ताटकळला (राजा म्हणजे बँकेतला ओंकार तेलंग, सदा घाईत).
तिनं नथ काढली, मूठ मिटली,
आणि ताट तसंच पुढे केलं.

संहितेत हे नाही, नाना म्हणाले.
नाही, मी म्हटलं.

दिवसभर मी लोकांना बजावतो,
काही लपवू नका, त्यांना सगळं दिसतं.
हॉलमध्ये आम्ही सहाजण होतो, सगळ्यांना दिसलं.
कुणी लिहून घेतलं नाही.