वडणग्याच्या गुऱ्हाळावर दोन कॅमेरे

रात्री दोनला आधण उतरायचं होतं,
म्हणून आम्ही बाराच्या आधीच पोचलो, मी आणि इर्शाद,
एका मोटरसायकलवर दोन ट्रायपॉड,
दोन कॅमेरे आणि सहा महिन्यांचं एक भांडण.

माझा लाल पट्ट्याचा, अजून अठरा हप्ते बाकी.
त्याचा पिवळ्या पट्ट्याचा, मेहुण्यानं दुबईहून आणलेला.
शाहूपुरीत समोरासमोर आमची दुकानं,
लग्न ठरलेला प्रत्येक नवरा
दोन्ही पायऱ्या चढून दर विचारून जातो.

भांडण एवढंच: अंधार कुणाचा चांगला.

स्टुडिओत सगळेच कॅमेरे शहाणे असतात,
इर्शाद म्हणाला, खरी परीक्षा चुलवाणापुढं.
तोंडाशी चिपाडाचा जाळ, वर काहिलीची वाफ,
आणि वाफेपलीकडं, छपराच्या काळोखात,
काळी घोंगडी पांघरून उभा सिदू तात्या, गुळव्या.
एका चौकटीत चौदा स्टॉप.
यातले जास्त कोण उचलतो, बघू.

एकसारखी लेन्स, एकच शटर,
आयएसओ सोळाशे, बत्तीसशे, चौसष्टशे.
इर्शाद वहीत रकाने आखत होता
दहावीच्या पोरानं भूमितीला आखावेत तसे.

लॅपटॉप उसाच्या मोळीवर ठेवून
शंभर टक्के मोठं केलं.
त्याच्या सेन्सरनं जाळ सांभाळला होता,
ज्वाळेची एकेक जीभ सुटी, कुठंच फटफटीत नाही.
पण घोंगडी उजळायला गेलो
तर तीत जांभळी किडमिड उठली, वारूळ फुटल्यागत.
माझ्यानं घोंगडी दिली, लोकरीचा दोरा न् दोरा,
शिवाय वाशाला टांगलेला एक कंदील,
ज्याचा आम्हाला पत्ताच नव्हता.
जाळ मात्र घालवला.
चुलीच्या जागी कोऱ्या कागदाचं भोक.

‘तू सावली राखलीस, मी इस्तू. बरोबरी लिहू?’
नको म्हटलं, पैज लावलीय.

तेवढ्यात त्याला तो सापडला.
माझ्या प्रत्येक फोटोत, डावीकडं वर, एक काळा ठिपका.
आधी वाशावर, मग वाफेवर, मग तात्याच्या कपाळावर,
चौकट हलली तरी तो जागचा हलत नव्हता.
‘मेलाय तुझा पिक्सेल,’
हसू न दाबता इर्शादनं वहीत लिहिलं.

पुण्याला पाठवला की दुरुस्त करतात, मी म्हटलं.
दुरुस्त म्हणजे, मेलेला काही उठत नाही.
शेजारच्या आठ जणांना विचारायचं, तुम्ही काय पाहिलंत,
आणि त्यांच्या साक्षीवर त्याची जागा भरायची.

तात्या ऐकत होता. हातातला झारा थांबला नव्हता.
‘माझ्या बी हाय तसला. दोन्ही डोळ्यांत.
चाळीस वर्सं जाळाकडं बघून.
जितं बघीन, नेमका तितंच बसतुय.
माणसाचं त्वांड बघाया गेलं तर कान दिसत्यात.’

मग त्यानं काहिलीकडं कान केला,
फुगे मोठे फुटतात की बारीक, ऐकलं.
वास घेतला.
बादलीतल्या पाण्यात पाक टाकला,
चिमटीत त्याची गोळी वळली
आणि बादलीच्या काठावर मारली.

टण्.

‘धरा!’
चौघांनी काहील उचलून वाफ्यात ओतली.
गुळाचा रंग सांगत नाही,
दोन्ही कॅमेऱ्यांचं त्याबाबतीत एकमत झालं नाही.

इर्शादनं त्याला दोन्ही फोटो दाखवले, कुठला बरा?
तात्यानं मान वळवली, उसाच्या फडाकडं बघितल्यागत,
आणि डोळ्याच्या कडेनं स्क्रीन हुंगावा तसा पाहिला.
बराच वेळ.
‘ह्यो कंदील,’ तो म्हणाला,
‘माझ्या थोरलीनं टांगला हुता, लगीन व्हायच्या आदी.
हाय व्हय अजून?’

पुलावर थंडी लागत होती.
जिभेवर गरम गुळाचा खडा, मी मागं,
दोन्ही ट्रायपॉड कवळ्यात.
इर्शादनं गाडी हळू केली
आणि मान न वळवता विचारलं,
कंदिलाचे मार्क कुठल्या रकान्यात लिहायचे?