उचल

रास अल खैमा, ऑगस्ट, पहाटेचे पाच.
हजरच्या डोंगरामागे उजेड धुळीत अडकलेला,
पारा आत्ताच छत्तीसवर.
वसईचा जोएल तुस्कानो पंखाखाली वाकून
इंधनाचे चार थेंब काचेत घेतो, पाणी नाही ना पाहतो,
आणि विचारतो,
मॅडम, हे उडतं कसं, खरंखरं सांगा.

त्याने कुठेतरी वाचलंय:
हवेचे दोन कण पंखाच्या नाकाशी वेगळे होतात,
एक वरून लांबच्या वाटेने, एक खालून जवळच्या,
आणि मागच्या कडेला एकाच क्षणी भेटतात,
म्हणून वरच्याला पळावं लागतं.

खोटं आहे, जोएल.
अशी भेट ठरलेली नसते.
वरचा आधी पोचतो, आणि थांबत नाही.
तुझे बाबा अकरा वर्षं गोदीत वेल्डिंग करतायत,
निघताना शब्द दिला
म्हणून वेळा जुळतात असं नाही,
हे तुला मी काय सांगायचं.

चल, नळापाशी ये.
करकच्या कपातला चमचा घे,
दोन बोटांत सैल धर, पाठ धारेला लाव.
गेला ना आत?
तू ढकलला नाहीस.
धार पाठीच्या बाकावरून वळली
आणि वळता वळता चमच्याला स्वतःकडे घेऊन गेली.

पंख एवढंच करतो,
समोरून येणाऱ्या हवेला वळण लावतो.
वरची पाठीला धरून खाली उतरते,
तसं उतरायचं तर पाठीपाशी दाब कमी हवा.
खालची पोटाला अडते, दबते.
आणि दोघी मिळून मागे, खाली फेकल्या जातात.
हवा खाली, आपण वर.
दाब म्हण, फेक म्हण,
हिशोब एकच, वह्या दोन.

याला मी उचल म्हणते.
तो हसतो.
त्याच्या घरी उचल म्हणजे
फोरमनकडून आगाऊ घेतलेले दिरहम,
ह्याच तासांसाठी.
हसू नकोस, शब्द तोच आहे.
पंखसुद्धा उचल घेतो आणि फेडतो.
टोकाशी खालची हवा वर निसटते,
भोवरे होऊन मागे सुटते.
जितकं हळू, जितकं नाक वर, तितकं व्याज जास्त.
त्या फेडीला म्हणतात ओढ.
हाही शब्द मी घडवलेला नाही.

साडेदहाला दुसरी फेरी. त्रेचाळीस अंश.
हवा पाणी घातलेल्या ताकासारखी,
पंखाला पकडायला तिच्यात फारसं काही नाही.
सकाळी जिथे चाकं सुटली ती खूण
मागे जाते, आणखी मागे जाते,
जोएलचा हात नाक ओढायला अधीर.
थांब.
पंचावन्न होऊ दे.
पळू दे तिला.
आता.

खाली खाडी, खारफुटीचा हिरवा ओरखडा,
मग नुसतं पाणी, क्षितिज नाहीच, सगळं एकाच दुधी रंगाचं.
तीन हजार फुटांवर मी म्हणते, पॉवर कमी कर,
उंची सोडू नको.
तो नाक उचलतो. दहा अंश, बारा,
भोंगा कण्हायला लागतो.
पंधराच्या पुढे कुठेतरी
वरची हवा पाठ सोडते,
आणि आसनाखालून काहीतरी काढून घेतल्यासारखं
विमान पडतं.

त्याचा हात मागेच ओढतो.
सगळ्यांचा ओढतो. माझाही ओढला होता.
पडताना आणखी मागावंसं वाटतं.
नाक खाली, जोएल, आधी खाली.
पंखाला त्याचा कोन परत दे.

हवा परत पाठीला लागते.
हे हाताला कळतं, डोळ्यांना नाही.

परतीला डाव्या पंखाखाली गोदी आली,
क्रेन, गंजका जहाजाचा सांगाडा,
आणि एक निळा ठिपका, पेटून विझणारा.
कोणाचाही असेल.
तो काही बोलला नाही.
पाचशे फुटांवर त्याने वेग वाचून दाखवला,
न विचारता, पहिल्यांदाच.

उतरलो तर सावलीत घाया उभी,
आजचा तिचा पहिला तास.
हे उडतं कसं, म्हणते.
जोएलने खिसे चाचपले.
चमचा त्याच्याकडेच राहिला होता.